गिऱ्ह्याच्या हातातल्या बांगड्या

मेलेल्या माणसाचं भूत आपोआप होतं म्हणतात. जिवंत माणसाचं करायला मात्र शेजाऱ्यांचे सल्ले, टोपलीभर काथ्या आणि बायकोची परवानगी लागते. यांपैकी बायकोची परवानगी मला सर्वांत शेवटी मिळाली, आणि तीसुद्धा "करा काय करायचं ते" अशा शब्दांत. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

त्या काळी तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी एका ठेकेदाराच्या बोईसरच्या कचेरीत कारकून होतो. दिवसभर सिमेंटच्या गोण्या कागदावर उतरवायच्या आणि संध्याकाळी ओव्या लिहायच्या. आमच्या चाळीत माझ्या ओव्यांना श्रोते नव्हते असं नाही. भिंती पातळ होत्या. शेजारचे कमलाकांत, म्हणजे आमच्याच कचेरीतले नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, पलीकडून भिंत ठोकून दाद देत. ती दाद नसून तक्रार आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी त्या ठोक्यांवर लय धरून बरंच काही लिहिलं होतं.

पालघर स्टेशनासमोर नागोरावचं फोटोचं दुकान होतं. आमच्याच परभणीकडचा गडी, त्यामुळे भेटलो की दोघं मिळून तिकडच्या आणि इकडच्या दोन्ही गावांना शिव्या द्यायचो. त्याने कुठूनसा एक म्हातारा सिनेमा-कॅमेरा पैदा केला. भिंतीवरच्या घड्याळासारखी त्याला चावी द्यावी लागे, आणि मधे थांबवायचा खटका मोडलेला असल्यामुळे एकदा सुरू झाला की चावी उतरेपर्यंत तो कुरकुरत चालत राही. नट थकले तरी कॅमेरा थांबत नसे. फिल्म म्हणजे मुंबईच्या स्टुडिओंतून उरलेले तुकडे. आवाजाची सोय नव्हती. आवाज मी होणार होतो: पडद्याशेजारी उभं राहून डिमडीवर ओव्या म्हणायच्या.

विषय दिला मैनाबाईने. मैनाबाई सातपाटीची. डोक्यावर पाटी घेऊन आमच्या चाळीत मासळी विकायला यायची, आणि माझी बायको पुष्पलता बोंबील निवडत असताना उंबऱ्याशी बसून भुतांच्या गोष्टी सांगायची. मासळीच्या वाट्यात ती हात आखडता घेई. गोष्टीत कधी नाही.

"बुडून मेला, ज्याची किरिया नाय झाली, तो गिऱ्हा होतो," ती सांगायची. "भरतीला पान्यातून हाक मारतो. वलखीच्या मानसाच्या आवाजात. तू वाकून बगितलंस की गेलीस. पन त्याचा एक केस तुज्या हाताला लागला ना बाय, मंग तो तुजा गडी. पानी भरील, भांडी घाशील."

"कुठं मिळतो हो केस?" पुष्पलताने माझ्याकडे बघत विचारलं.

त्याच बैठकीत मी मैनाबाईला विचारलं होतं, की तुम्हा कोळणींच्या डाव्या हातात बांगड्या असतात, उजव्यात का नसतात? तिच्या स्वतःच्या डाव्या हातातही आता नव्हत्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती. पण तिने मनगट पुढे करून सांगितलं, "आमी लगनात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देतो. आमच्या मालकाला सांबाल म्हनून. डाव्या हातातल्या त्याच्या, उजव्या दर्याच्या."

मला भरून आलं. मला लवकर भरून येतं. कचेरीत याबद्दल माझी चेष्टा होते. मी आत जाऊन लिहिलं:

दिला उजवा गं चुडा, हिरव्या पाण्यात सोडूनी
माझ्या कुंकवाचा धनी, आण दर्या तू ओढूनी.

इथेच थांबलो असतो तर एक बरी ओवी आणि एक सुखी कारकून एवढंच उरलं असतं. पण कवीचं डोकं उतारावरच्या ढकलगाडीसारखं असतं. मला प्रश्न पडला, की वर्षानुवर्षं एवढ्या बायकांनी दिलेल्या बांगड्या त्या पाण्याखाली घालतं तरी कोण?

अर्थात गिऱ्हा!

कथा झरझर जमली. 'तारापूरचा गिऱ्हा' खाडीत राहतो, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालतो आणि माणसं बुडवतो. नायिकेच्या हाती त्याचा केस लागतो आणि तो तिच्या घरचा गडी होतो. दिवसा मुकाट धुणी धुतो, पण संधी मिळाली की घरी आलेल्या तलाठ्याला, सावकाराला, विम्याच्या एजंटाला हौदात बुडवून मारतो, आणि बाईंना काही कळू नये म्हणून प्रेतं वाळत घातलेल्या चादरींमागे टांगतो. भीतीही आणि हसूही. कमलाकांतांनी कथा ऐकून सांगितलं, "यात शास्त्रीय चूक आहे. प्रेत दोरीवर पेलणार नाही. मी आकृती काढून देतो." त्यांनी खरोखरच काढून दिली. दोरीच्या जागी लोखंडी तुळई होती.

गिऱ्ह्याचं काम कोण करणार यावर चाळीत आठवडाभर खल चालला. सगळ्यांचं मत पडलं की थोबाड बघता ते काम नागोरावनेच करावं, पण मग कॅमेरा कोण धरणार? शिवाय पाण्याखाली दम धरणारा माणूस हवा होता. मैनाबाई म्हणाली, "माजा दादू काय पान्याबाहेर असतो का? त्याला घ्या."

दादू हा तिचा मुलगा. होडीवर जाणारा, काळा तुळतुळीत, हसला की सगळा चेहरा दातांनी उजळणारा. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं. बायको हिरा तेव्हा मुरब्याला माहेरी गेली होती. "आमी मारनार मानसं?" त्याने विचारलं. "बोंबील मारतो तवा जीव तुटतो माजा." आणि तो इतका हसला की मी त्याला तिथल्या तिथे खुनी म्हणून पक्का केला.

वेशभूषा मी स्वतः केली. काथ्याच्या जटा, फाटक्या जाळ्याची कफनी, तोंडाला चुना, गळ्यात सुक्या बोंबलांची माळ. ओवीही तयार झाली:

काथ्याच्या गं जटा, माळ बोंबलांची गळा
असा कोण नवरदेव आला भरतीच्या वेळा?

बांगड्यांसाठी त्याला बोईसरच्या बाजारात कासाराकडे नेलं. दोर ओढून ओढून रुंद झालेला तो पंजा बघून कासाराने हात जोडले. मग साबण लावला, बोटं मुडपली, देवाचं नाव घेतलं. बघ्यांची ही गर्दी. बांधकामावरचे मजूर ओरडत होते, "अरे भैया, शादी कब है?" दादू सगळ्यांना हसून रामराम करत होता. फक्त उजव्या हाताची पाळी आली तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"भाऊ, ह्यात नको. डाव्यात घाला पायजे तेवड्या."

"अरे, नाटकातल्या आहेत! दुकानातून आणल्यात, दर्यातून नव्हे," मी म्हणालो. कलेच्या बाबतीत मी जरा कडक असतो. त्याने माझ्याकडे बघितलं, कासाराकडे बघितलं आणि हात पुढे केला.

चित्रीकरण सातपाटीच्या वरच्या अंगाला खाडीच्या तोंडाशी, बांधकामाचं सामान उतरवायच्या धक्क्याजवळ, सकाळच्या ओहोटीला. पहिला बळी तलाठी, म्हणजे कोट-टोपी घातलेले कमलाकांत. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि गिऱ्ह्याने त्यांना मागून ओढायचं. कमलाकांतांनी जागा स्वतः, कागदावर गणित करून निवडली. त्या जागी चिखल होता. दादू पाण्यातून वर येईतो तलाठी कमरेपर्यंत रुतून बसले होते. "ओढा!" मी ओरडलो. दादूने ओढलं. जोडे आत राहिले, एक धोतर आत राहिलं, तलाठी अर्धे बाहेर आले. तेवढ्यात बोंबलांचा वास लागून गावची कुत्री पाण्यात उतरली आणि गिऱ्ह्याच्या गळ्याला लागली. वरून कावळे. खुनी पुढे, कुत्री मागे, मेलेला तलाठी चिखलातून "माझं धोतर!" असं ओरडतोय, आणि कॅमेरा थांबत नाही. भीतीचं वातावरण म्हणतात ते हेच असावं.

काठावरून कोळणी पाट्या घेऊन बाजाराला चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

"मैने, तुज्या दादूला कुत्र्यांनी सून करून नेला गो!"

"अगो, तो तलाटी बग, आता त्याचीच मोजनी चालली हाय!"

मैनाबाईही हसत होती. मग कुत्र्यांना हाकलायला दादूने दोन्ही हात वर केले, आणि ऊन त्या हिरव्या बांगड्यांवर चमकलं.

हसणं एकदम बंद झालं. एखादी पाटी उपडी पडावी तसं.

मैनाबाई पाण्याच्या कडेला आली. "ह्या कोनी घातल्या तुला?"

दादूने हात खाली घेतले.

"दर्याकडून मागं घेतल्यास?" तिने एवढंच म्हटलं, पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मागोमाग साऱ्याजणी. एकीनेही वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, कला समजायला वेळ लागतो. नागोरावला मी चावी भरायला सांगितलं, कारण गिऱ्ह्याचे वर केलेले हात मला परत हवे होते. त्याने चावी भरली, कॅमेरा सुरू केला, आणि त्याच क्षणी कमलाकांतांनी छातीपर्यंत बुडाल्याची घोषणा केली. आम्ही सगळे फळ्या घेऊन तिकडे धावलो. त्यांना उपटून काढेपर्यंत भरती चढली होती. दादू मदतीला आला तेव्हा त्याचे हात मोकळे होते.

"बांगड्या?"

"गेल्या, भाऊ."

मी चिडलो. पुढच्या दृश्याला परत कासार, परत साबण! दुसऱ्या दिवशी पहाटे तो होडीवर गेला. आई त्याच्याशी बोलत नव्हती, असं मागाहून कळलं.

वादळ झालं. होडी आली, दादू आला नाही. सोबतचे म्हणाले, जाळं ओढताना लाट आली आणि तो दोरासकट गेला. पुष्कळ शोधलं. काही सापडलं नाही. सातपाटीत म्हणत होते, दमणकडच्या एखाद्या होडीने उचललं असेल, असं घडतं कधी कधी. प्रेत मिळालं नव्हतं म्हणून क्रिया झाली नव्हती, आणि क्रिया झाली नव्हती म्हणून हिराच्या डाव्या हातात बांगड्या होत्या.

ती एके दिवशी आमच्या दारात आली. सोबत मैनाबाई, पाटी नव्हती. हिराला मी पहिल्यांदा पाहत होतो. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"भाऊ, ते चितार मला द्या," ती म्हणाली. "त्यात त्याच्या हातात दर्याच्या बांगड्या हायत. इथल्या गेल्या असतील. चितारात हायतच ना? जवर त्याच्या हातात हायत, तवर दर्या त्याला सोडायचा नाय. मी ते पान्यात सोडते. मंग येईल तो."

मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं. पुष्पलताने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

त्या दोघी गेल्यावर चाळीची बैठक भरली. कमलाकांत म्हणाले, "दुसरी कुठलीही रीळ द्या. तिला काय कळतंय?" नागोराव डोळे पुसत म्हणाला, "गळा कापा माझा. आयुष्यात एकच चित्र काढलंय मी, बाकी सगळे नवरा-नवरी." मीही म्हणालो की हे अंधश्रद्धेपुढे मान तुकवणं होईल, आणि कलावंताची मान... पुष्पलता तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मान वगैरे राहू द्या. तिची वस्तू तिला द्यायची."

हा सगळा वाद फुकट होता, कारण वस्तू आमच्याकडे नव्हतीच. फिल्म मुंबईला धुवायला धाडताना नागोरावने डब्यावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'तारापूर, पहिला खून.' डबा धुऊन परत आला तेव्हा रेल्वेच्या पार्सलवाल्याने ते वाचलं, त्याचं कर्तव्य जागं झालं, आणि डबा अणुकेंद्राच्या बंदोबस्ताच्या एका साहेबांच्या कपाटात गेला.

साहेब नागपूरकडचे. सभ्य माणूस. मला बसायला खुर्ची दिली. ती डुगडुगत होती.

"गिऱ्हा हे कोणाचं टोपणनाव?"

"भूत आहे, साहेब."

"पत्ता?"

"समुद्र."

त्यांनी लिहून घेतलं. फिल्मचा तुकडा उजेडात धरून म्हणाले, "या भुताच्या मागं बांधकामाची क्रेन दिसते. भूत क्रेनसमोर का उभं आहे?"

"भूत तिथंच असतं, साहेब. क्रेन नंतर आली."

"भुताचं काम कोणी केलं?"

"सातपाटीच्या दादूने."

"त्याला उद्या हजर करा."

मी खुर्चीची दांडी घट्ट धरली. "तो समुद्रात आहे, साहेब."

"परत कधी येईल?"

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर व्हरांड्यात हिरा आणि मैनाबाई बसल्या होत्या. मी रोज इथे यायचो तशा त्याही रोज यायच्या, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून. साहेबांनी खिडकीतून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलेलं वाक्य खोडलं. मग म्हणाले की आक्षेपार्ह काही नाही असा शेरा मारल्याशिवाय डबा सोडता येणार नाही, आणि चित्र पाहिल्याशिवाय शेरा मारता येणार नाही. तेव्हा दाखवा.

अशा रीतीने 'तारापूरचा गिऱ्हा' या चित्रपटाचा पहिला खेळ भर दुपारी, एका कचेरीत, खिडक्यांना घोंगड्या लावून झाला. नागोरावने पालघरहून प्रोजेक्टर आणला. भिंतीवर चुन्याचे पोपडे होते. साहेब, चार शिपाई, आम्ही, आणि दाराशी जमिनीवर हिरा व मैनाबाई. त्यांना येऊ द्या असं साहेबच म्हणाले.

"आवाज नाही?" साहेबांनी विचारलं.

"हे म्हणतात," नागोरावने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मान हलवून नको म्हणालो. साहेब म्हणाले, आवाज हा चित्राचा भाग असेल तर तोही तपासला पाहिजे. मग मी डिमडी घेतली. माझ्या आयुष्यात श्रोत्यांची मी जी वाट पाहिली होती, ती अशी संपली.

काथ्याच्या गं जटा, माळ बोंबलांची गळा,
असा कोण नवरदेव...

भिंतीवर दादू पाण्यातून वर आला. तोंडाला चुना, सगळे दात दिसत होते. मैनाबाईने पदर तोंडात धरला. तलाठी रुतले, धोतर गेलं, कुत्री आली. शिपाई गुडघ्यांवर हात मारून हसायला लागले. साहेब हसू दाबत होते. मग त्यांनाही ते दाबेना. माझं चित्र उत्तम झालं होतं हो! एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती, आणि मला ती कानांत बोटं घालून बंद करावीशी वाटत होती. हिरा हसणाऱ्यांकडे बघतही नव्हती. ती भिंतीवरच्या मनगटांकडे बघत होती.

मग शेवटचा तुकडा आला. आम्ही फळ्या घेऊन पळालो तेव्हा एकटा राहिलेला कॅमेरा चावी उतरेपर्यंत चालत होता, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. रिकामं पाणी, क्रेन आणि दादू. आपल्याला कोणी बघत नाही असं समजणारा दादू. त्याने जटा काढून खडकावर ठेवल्या. खाली वाकून ओला चिखल घेतला, आधी उजव्या, मग डाव्या मनगटाला चोळला, बोटं मुडपली आणि एकेक बांगडी सावकाश उतरवायला लागला. एकही वाढू दिली नाही. दुखत असावं, ओठ आवळलेले दिसत होते. उतरवलेल्या सगळ्या त्याने ओंजळीत घेतल्या, कपाळाला लावल्या, पाण्यात उतरून हळूच खाली सोडल्या आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. ओठ हलत होते. आवाज नव्हता. मग भिंत पांढरी झाली.

कोणी हसत नव्हतं. प्रोजेक्टरवर फिल्मचं टोक फटफट आपटत होतं.

मी सुटलो! छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलावा तसं झालं. त्याने परत दिल्या होत्या. दर्याचं देणं दर्याला पोचलं होतं. दोष माझा नव्हता, चित्राचा नव्हता. मी आनंदाने हिराकडे वळलो. खरंच आनंदाने.

ती भिंतीकडेच बघत होती.

"दिल्यान त्यानं," मैनाबाई म्हणाली. "दिल्यान गो पोरी. मी उगाच बोलली नाय त्याच्याशी."

"दिल्यान," हिरा म्हणाली. उजवा मोकळा हात तिने डाव्या हातातल्या बांगड्यांवर ठेवला. मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, वाट विचारावी तसं, "मंग भाऊ, आता काय बुडवायचं?"

माझ्याकडे ओव्या पुष्कळ होत्या. मी डिमडी खाली ठेवली.

साहेबांनी खाली मान घालून शेरा मारला. डबा मला दिला, तपासून घेतला म्हणून सही करायलाही सांगितलं नाही. नागोराव घोंगड्या काढत राहिला. दुपारचं ऊन आत आलं.

मी फाटकापर्यंत त्या दोघींच्या मागे गेलो. पुष्पलताने सांगितलेलं आठवत होतं. मी डबा पुढे केला. "हे तुमचं आहे."

हिराने तो हातात घेतला. झाकणावरून बोट फिरवलं, कानाशी नेऊन जरासा हलवून बघितला, जसा नारळ बघतात. मग पदराने पुसून माझ्या हातात परत दिला.

"तुमच्याकडं ठेवा, भाऊ," ती म्हणाली. "आमचं घर दर्यालगत. भिजंल."